आकाशाकडे पाहणारा हान्स

जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी हाइनरिख हॉफमन नावाचे एक डॉक्टर राहत असत. १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलाला द्यावे असे चित्रांचे पुस्तक त्यांना बाजारात मिळेना. तेव्हा त्यांनी एक कोरी वही आणली, स्वतःच चित्रे काढली आणि त्यांना पद्याची जोड दिली. पुढच्या वर्षी ते पुस्तक छापून निघाले आणि लवकरच त्याच्या नव्या आवृत्त्यांत नवी मुले दाखल झाली. त्यांपैकी दोन मुलांची आठवण वैद्यकाच्या इतिहासात वारंवार निघते. पहिला फिलिप. जेवणाच्या मेजाशी त्याची चुळबूळ थांबत नाही. खुर्ची मागेपुढे झुलवता झुलवता अखेर तो मेजावरच्या कापडासह सगळे जेवण घेऊन खाली कोसळतो. दुसरा हान्स. त्याचा कोणाला उपद्रव नाही. शाळेच्या वाटेने तो आकाशातील ढग आणि पाखरे पाहत चालतो, कुत्र्याला अडखळून पडतो आणि एके दिवशी थेट नदीत जातो. जवळची दोन माणसे त्याला बाहेर काढतात. त्याची वही मात्र प्रवाहाबरोबर वाहून जाते.

आजच्या डॉक्टरांना या दोन चित्रांत एकाच विकाराची दोन रूपे दिसतात. त्याचे आजचे नाव अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार. एडीएचडी या आद्याक्षरांनी तो अधिक ओळखला जातो. फिलिपच्या ठिकाणी चांचल्य उघड दिसते. हान्सच्या ठिकाणी चांचल्य नसते, किंवा नाममात्र असते. पण अवधान टिकत नाही. तो गणित अर्ध्यावर सोडतो, सांगितलेले निरोप विसरतो, वस्तू हरवतो आणि वर्गात बसल्या जागी कुठे तरी दूर निघून जातो. फिलिपकडे साऱ्या घराचे डोळे लागलेले असतात. हान्सकडे लक्ष जाते ते तो पाण्यात पडल्यावर. या विकारावरील उपचारांचा इतिहासही काहीसा असाच घडला आहे. वैद्यकाने फिलिपसाठी उपाय शोधले आणि हान्सला पुष्कळ काळ काठावर उभे केले.

वास्तविक प्रारंभ असा नव्हता. जर्मन वैद्य मेल्किओर आडाम वाइकार्ड यांनी १७७५ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अवधानाच्या अभावावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. अशा माणसाला कोणताही विषय वरवरचाच कळतो, हे त्यांनी नेमके टिपले. त्यांनी सुचवलेले उपाय त्या काळाला साजेसेच होते : आंबट दूध, पोलादाची भुकटी, थंड पाण्याचे स्नान, घोड्यावरची रपेट. पुढे १७९८ मध्ये स्कॉटलंडचे डॉक्टर अलेक्झांडर क्राइटन यांनी मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात 'अवधान आणि त्याचे विकार' यांचा विचार केला. कुत्र्याचे भुंकणे, बेसूर वाजणारे वाद्य एवढ्यानेही अशा माणसाचे चित्त उडते, असे त्यांचे निरीक्षण होते. काही मुलांना लॅटिन आणि ग्रीक व्याकरणाकडे छडीच्या धाकानेही लक्ष देता येत नाही आणि गोड बोलूनही देता येत नाही, हेही त्यांनी नोंदवले. त्यांनी रेखाटलेला हा मुलगा हान्सच होता. पण क्राइटन यांचे हे प्रकरण ग्रंथातच राहिले. मुलांच्या अवधानाचा प्रश्न वैद्याच्या हातून पुन्हा पंतोजीच्या हाती गेला आणि पंतोजीपाशी उपाय एकच होता.

मराठी भाषेला 'अवधान' हा शब्द परका नाही. पुराणिक आणि कीर्तनकार श्रोत्यांपाशी पहिले मागणे मागतात ते अवधानाचेच. परंतु जे द्यावेसे वाटूनही देता येत नाही अशी अवस्था असू शकते, ही गोष्ट समाजाला सहजासहजी पटत नाही. म्हणून अशा मुलाला आळशी, वेंधळा, बेफिकीर ही विशेषणे चिकटतात. आणि ती वर्षानुवर्षे कानी पडली की मूलही ती खरी मानू लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यक या प्रश्नाकडे पुन्हा वळले, पण वेगळ्या दाराने. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये तीन व्याख्याने दिली. त्यांचा विषय होता बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवर घालू न शकणारी मुले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेंदूच्या दाहाची साथ पसरली, आणि तीतून वाचलेली कित्येक मुले अनावर चंचल झालेली आढळली. तेव्हापासून अशा चांचल्यामागे मेंदूची लहानशी इजा असावी, हा विचार बळावला. शोध सुरू झाला तो फिलिपचा. घर आणि वर्ग डोक्यावर घेणारे मूल डॉक्टरांपर्यंत पोचत होते. खिडकीबाहेर पाहणारे मूल मागच्या बाकावरच राहिले होते.

अशा स्थितीत औषध मिळाले, तेही अपघाताने. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात ब्रॅडली होम ही मनोविकारग्रस्त मुलांची संस्था होती. तेथील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूची क्ष-किरण छायाचित्रे घेत. त्यासाठी मणक्यातील द्रव काढून हवा भरावी लागे, आणि त्यानंतर मुलांचे डोके भयंकर दुखे. त्या दुखण्यावर म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिले. डोकेदुखीवर त्याचा फारसा गुण आला नाही. पण शिक्षक सांगू लागले की काही मुले अभ्यासात एकाएकी पुढे गेली आहेत. मग ब्रॅडलींनी ५ ते १४ वर्षे वयाच्या ३० मुलांना एक आठवडा ते औषध देऊन नोंदी ठेवल्या आणि १९३७ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. १४ मुलांच्या शालेय कामात ठळक सुधारणा दिसली. औषध सुरू केले त्याच दिवशी फरक पडे आणि थांबवले की तो नाहीसा होई. मुलांनी त्या गोळ्यांना नावही देऊन टाकले होते : गणिताच्या गोळ्या.

या नावात मोठा अर्थ भरला होता. मुले 'शांत बसण्याच्या गोळ्या' म्हणाली नाहीत, गणिताच्या म्हणाली. पालटले होते ते नुसते वागणे नव्हे, अवधानही. पण त्या काळी हे कोणी फारसे मनावर घेतले नाही, आणि ब्रॅडलींचा निबंध जवळजवळ दोन तपे दुर्लक्षित राहिला. दरम्यान स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीचे रसायनतज्ज्ञ लेआन्द्रो पानिझोन यांनी १९४४ मध्ये मेथिलफेनिडेट हे द्रव्य तयार केले. पत्नी मार्गरित हिच्या 'रिटा' या लाडक्या नावावरून त्यांनी त्याला रिटॅलिन म्हटले, आणि १९५४ पासून ते बाजारात आले. पुढील दशकात लिऑन आयझेनबर्ग आणि कीथ कॉनर्स यांनी मुलांवर त्याच्या पद्धतशीर चाचण्या केल्या. १९६९ मध्ये कॉनर्स यांनी शिक्षकांनी भरावयाची प्रश्नावली प्रसिद्ध केली, आणि वर्गातील निरीक्षणाला मोजमापाचे रूप आले.

म्हणजे औषध आधी आले आणि रोगाची ओळख मागाहून पटत गेली. १९६८ च्या अमेरिकन वर्गीकरणात या विकाराचे नावच चांचल्यावरून पडलेले होते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया डग्लस यांनी हे चित्र उलटे केले. १९७१ साली कॅनडाच्या मानसशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी प्रतिपादन केले की, या मुलांचे मूळ दुखणे चांचल्य हे नसून अवधान टिकवण्याची आणि आवेग आवरण्याची अक्षमता हे आहे. १९८० च्या अमेरिकन वर्गीकरणात विकाराचे नाव 'अवधान-न्यूनता' असे झाले आणि चांचल्यासह व चांचल्याविना असे त्याचे दोन भेद मान्य झाले. क्राइटननंतर सुमारे एकशे ऐंशी वर्षांनी हान्सला दप्तरी नोंद मिळाली. ती नोंदही टिकली नाही. १९८७ च्या आवृत्तीत दोन्ही भेद एकत्र करण्यात आले. १९९४ मध्ये अवधान-न्यूनताप्रधान प्रकार पुन्हा स्वतंत्र झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणात तर निदानाला चांचल्य आवश्यकच होते. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात मात्र या प्रकाराला स्वतःचे स्थान आहे. हा केवळ नावांचा खेळ नव्हता. ज्याची नोंद नाही त्याची चाचणी होत नाही, आणि ज्याची चाचणी नाही त्याचा उपचार अंदाजाने चालतो.

याची साक्ष या क्षेत्रातील सर्वांत गाजलेल्या प्रयोगातच मिळते. अमेरिकेत १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ५७९ मुले होती. त्यांचे चार गट करून चौदा महिने उपचार झाले : एका गटाला काटेकोर देखरेखीखाली औषध, दुसऱ्याला वर्तनोपचार, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथ्याला गावातील नेहमीच्या डॉक्टरांचा उपचार. मुख्य लक्षणांवर देखरेखीखालील औषध एकट्या वर्तनोपचाराहून सरस ठरले. परंतु खरा बोध निराळाच आहे. चौथ्या गटातील बहुसंख्य मुलांनाही त्याच जातीची औषधे मिळत होती, तरी ती मागे पडली. पहिल्या गटात आरंभीचे अठ्ठावीस दिवस निरनिराळ्या मात्रा देऊन पाहिल्या होत्या; कोणत्या दिवशी कोणती मात्रा आहे हे आईबापांना वा शिक्षकांना ठाऊक नव्हते. पुढे दरमहा तपासणी आणि शाळेशी संपर्क चालू होता. औषध सारखेच, अंतर पडले ते पाहण्यात. आणि तरीही या ५७९ मुलांत हान्स एकही नव्हता. प्रयोगासाठी निवडलेली सगळी मुले अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता दोन्ही असलेली होती.

हान्सविषयी जे कळले ते लहान अभ्यासांतून. १९९१ मध्ये रसेल बार्क्ली आणि सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारच्या मुलांना मेथिलफेनिडेटच्या तीन वेगवेगळ्या मात्रा देऊन तुलना केली. शांत मुलांपैकी अधिक जणांना कमी मात्राच मानवली, तर काहींना औषधाचा गुणच आला नाही. चंचल मुलाच्या मापाने बेतलेला सदरा शांत मुलाला बसेलच असे नाही, एवढा इशारा त्यातून मिळाला. औषध लागू पडले म्हणजे निदान सिद्ध झाले, हा समजही टिकला नाही. ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी १९७८ मध्ये निरोगी मुलांना असे उत्तेजक देऊन पाहिले, तेव्हा त्यांचेही अवधान वाढलेले आढळले. उत्तेजकांनी भूक मंदावते, झोप उडते; म्हणून मुलाची उंची, वजन आणि रक्तदाब यांवर नजर ठेवावी लागते. ज्यांना ती सोसत नाहीत त्यांच्यासाठी २००२ मध्ये अमेरिकेत अ‍ॅटोमॉक्सेटिन या उत्तेजक नसलेल्या औषधाला मान्यता मिळाली. त्याचा गुण दिसायला काही आठवडे वाट पाहावी लागते.

खास हान्ससाठी बेतलेला मोठा प्रयोग व्हायला २०१४ साल उजाडले. कॅलिफोर्नियातील लिंडा फिफनर आणि सहकाऱ्यांनी अवधान-न्यूनताप्रधान प्रकारच्या, ७ ते ११ वर्षांच्या १९९ मुलांवर वर्तनोपचाराची परीक्षा घेतली. एका गटात मूल, आईबाप आणि वर्गशिक्षक या तिघांना एकत्र गुंफले होते : दप्तर लावणे, काम टिपून ठेवणे, मोठे काम तुकड्यांत करणे, आणि शाळेतून घरी रोज एक छोटे प्रगतिपत्रक. दुसऱ्या गटात केवळ आईबापांना शिक्षण दिले होते. तिसऱ्यावर नेहमीचेच उपचार होते. उपचार संपले तेव्हा तिघांना गुंफलेला गट शिक्षकांच्या मते इतर दोन्ही गटांपेक्षा पुढे होता. पुढच्या वर्षी वर्ग बदलला, शिक्षक बदलले. घरी आईबापांना सुधारणा बव्हंशी टिकलेली दिसली, पण शाळेत तो फरक ओसरला. काठावरचा माणूस बदलला की हान्सची वाट पुन्हा नदीकडे वळू शकते, हेच त्यातून दिसले.

या अडीचशे वर्षांच्या वाटचालीत आंबट दुधापासून गणिताच्या गोळ्यांपर्यंत पुष्कळ उपाय आले. प्रत्येकाच्या वेळी आता योग्य उपाय गवसला असे कोणाला ना कोणाला वाटले. इतिहासाचा निष्कर्ष अधिक विनयशील आहे. या विकारात योग्य उपाय कपाटात तयार नसतो. प्रत्येक मुलापुरता तो शोधावा लागतो. कान, डोळे, झोप, रक्तक्षय, क्षणभर भान हरपवणारी अपस्माराची जात, मनातली काळजी या साऱ्या शक्यता आधी पारखाव्या लागतात. मग तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मात्रा थोडीथोडी वाढवून पाहावी लागते, शिक्षकाला विचारावे लागते, आणि न मानवलेले औषध सोडून देण्याची तयारी ठेवावी लागते. या शोधाला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मुलाला आळशी न म्हणता काढणे हा उपचाराचाच भाग होय.

ज्यांचे अवधान टिकत नव्हते त्या मुलांकडे अवधान द्यायला शहाण्या माणसांना दोनशे वर्षे लागली. हॉफमन यांच्या चित्रातील दोन माणसांनी हान्सला वाचवले, ही गोष्ट खरी. पण नदीकाठचे तीन लहान मासे त्याला भिजलेला पाहून हसतात, असेही तेथे दाखवले आहे. मागच्या बाकावरच्या मुलाच्या वाट्याला यांपैकी काय यावे, हे अजूनही काठावरच्या माणसांनीच ठरवायचे असते.