तळ उठल्यानंतरची जमीन

म्हैसूर जिल्ह्यात तिरुमकूडल नरसीपूरजवळ सोसले नावाचे गाव आहे. व्यासराज मठाच्या नावाशी ते जोडलेले असल्यामुळे अनेक मराठी माध्व घराण्यांना ते ऐकून परिचित असते. जवळच कावेरी आणि कपिला यांचा संगम होतो; कपिला म्हणजेच भूगोलाच्या पुस्तकातील काबिनी. नदीकाठी वाढणाऱ्या मुलांना पाणी, वाळू, झाडे आणि पक्षी यांची ओळख शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच झालेली असते. तथापि निसर्गात तळ ठोकून राहण्याचे पद्धतशीर शिक्षण जेव्हा या मुलखात प्रथम आले, तेव्हा त्याचे दार या मुलांसाठी उघडे नव्हते. १९०९ साली बंगळूर येथे भारतातील बालवीर चळवळीचा आरंभ झाला. मात्र त्या पथकात प्रवेश होता तो युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांना. आपल्याकडील शिबिरशिक्षणाचा इतिहास या विसंगतीपासून सुरू होतो.

या शिक्षणाची मूळ कल्पना अवघी दोन वर्षे जुनी होती. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी सुमारे २० मुलांना नेऊन आठवडाभराचे शिबिर भरविले. काही मुले श्रीमंतांच्या शाळांतील होती, तर काही कष्टकरी घरांतील. त्यांचे चार संघ पाडले, प्रत्येक संघाला एका प्राण्याचे वा पक्ष्याचे नाव दिले आणि संघनायकही मुलांमधूनच निवडला. माग काढणे, दोराच्या गाठी मारणे, चूल पेटविणे, पशुपक्षी न्याहाळणे, असा तो अभ्यासक्रम होता. मुलाला भिंतींबाहेर नेऊन त्याच्यावर विश्वास टाकला, तर जबाबदारी तो आपण होऊन उचलतो, हे त्या शिबिराने दाखवून दिले.

हा विश्वास भारतीय मुलांवर मात्र टाकला जात नव्हता. वर्गात पारतंत्र्याचे धडे गिरवणाऱ्या मुलांना मैदानावरही दूर ठेवले जाते, ही गोष्ट येथील विचारवंतांना सलली. १९१७ साली ॲनी बेझंट यांनी मद्रास येथे भारतीय मुलांसाठी स्वतंत्र बालवीर संघटना स्थापन केली. पाठोपाठ १९१८ साली पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांच्या पुढाकाराने अलाहाबादला सेवा समितीची बालवीर संघटना उभी राहिली. पुढे अनेक वर्षे वेगवेगळ्या संघटना समांतर चालल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी त्यांचे एकीकरण होऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था जन्मास आली, आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइड्सची संघटनाही तिच्यात सामील झाली.

मुलींची वाटचाल अधिक खडतर होती. १९११ साली जबलपूरला गाइड्सचे पहिले पथक निघाले. भारतीय मुलींना प्रवेश मिळण्यास त्यानंतर काही वर्षे जावी लागली. मुलीने घराबाहेर, तंबूत, रात्र काढावी ही कल्पनाच तेव्हा अनेकांना अपरिचित होती. म्हणूनच पुण्यातील एका घटनेचे महत्त्व मोठे आहे. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी गाइड चळवळीच्या जागतिक केंद्राचे तेथे लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते उद्घाटन झाले. स्वित्झर्लंड, इंग्लंड आणि मेक्सिको यांनंतरचे हे चौथे जागतिक केंद्र. त्याचे नाव ‘संगम’. नद्या एकत्र येतात त्या स्थळाचे नाव देशोदेशींच्या मुली एकत्र येतात त्या वास्तूला मिळाले.

शिबिरात मुले शिकत काय होती? तंबू उभारणे हा त्यातील सोपा भाग. खरी शिस्त बारीकसारीक गोष्टींत होती. चूल मांडायची त्या जागेवरील गवताचा थर मुळांसकट कापून सावलीत ठेवायचा, त्यावर पाणी शिंपडत राहायचे आणि निघताना तो जसाच्या तसा परत बसवायचा. जळणासाठी वाळून पडलेली काटकी वेचायची. ओल्या फांदीला हात लावायचा नाही. ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे खड्डे निराळे. शौचखड्डा पाणवठ्यापासून दूर. बांबूचे मांडव आणि कट्टे दोरीच्या बांधणीने उभारायचे. झाडाला खिळा ठोकायचा नाही. शेवटच्या दिवशी सर्वांनी एका ओळीत उभे राहून मैदान पालथे घालायचे, कागदाचा कपटा आणि सुतळीचा तुकडाही उचलायचा. शिबिर कसे झाले, याचे उत्तर तळ उठल्यानंतरची जमीन देत असे.

निसर्गाकडे पाहण्याची दृष्टीही याच काळात बदलत होती. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दारात एके दिवशी एक मुलगा आला. छऱ्याच्या बंदुकीने त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि ती कोणती, हे त्याला जाणून घ्यायचे होते. सोसायटीचे मिलार्ड यांनी त्याला रागे न भरता संग्रहातील पक्ष्यांची कपाटे उघडून दाखविली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. त्याच सलीम अलींच्या आग्रहावरून १९४० साली म्हैसूर संस्थानाने कावेरीच्या पात्रातील रंगनतिट्टूची बेटे पक्ष्यांसाठी राखीव केली. ते पाणी पुढे वाहत सोसल्याजवळच्या संगमाकडे येते. एका मुलाच्या कुतूहलाला वेळीच योग्य वळण मिळाले की त्याची फळे किती दूरवर पोहोचतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

महाराष्ट्रात या शिक्षणाला किल्ल्यांची जोड मिळाली. गो. नी. दांडेकर यांनी आपल्या लेखनाने आणि प्रत्यक्ष भटकंतीने कित्येक तरुणांना गडांच्या वाटेवर आणले. गड पायांनी पाहावा, त्याचा दगड ओळखावा, टाक्यातील पाणी गढूळ करू नये, हा संस्कार त्या पिढीत रुजला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणारे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांपैकी ११ महाराष्ट्रातील आहेत. अभिमानाबरोबर गर्दीही वाढते. तटांवर कोरलेली नावे आणि झुडपांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या पाहिल्या की जुन्या बालवीरांची ती शेवटच्या दिवसाची ओळ आठवल्याशिवाय राहत नाही.

काळानुसार नियम बदलले, हेही नमूद केले पाहिजे. पूर्वी कचरा पुरणे योग्य मानले जाई, कारण तो कुजत असे. प्लास्टिक कुजत नाही, म्हणून आज तो पाठीवर घेऊन परतणे हाच धर्म. लाकडाच्या शेकोटीऐवजी लहान स्टोव्ह इष्ट ठरतो. पक्ष्याचे घरटे सापडले तर जवळ जाऊन छायाचित्र काढण्यापेक्षा दूर थांबून दुर्बिणीतून पाहणे अधिक उचित. २०२० पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिनांनी तो सांधलेला आहे. शाळांना यापेक्षा सोयीचा मुहूर्त कोणता?

एकेकाळी ज्या दारातून भारतीय मुलांना परत पाठविले जाई, ते दार आज सर्वांसाठी खुले आहे. पूर्वसूरींनी लढून मिळवलेला हा हक्क आहे आणि त्याच्या पाठीला एक कर्तव्य बांधलेले आहे. कावेरीच्या वाळूवर असो वा राजगडाच्या माचीवर, मुलांचा तळ उठल्यावर तेथे पुन्हा गवतच दिसले पाहिजे. शाळेने मुलांना रानात नेण्याचे सार्थक त्यातच आहे.