आखाची चीर

जीपच्या मागच्या दोन चाकांमधल्या पोकळ लोखंडी आसाला मेकॅनिक हाउसिंग म्हणतात. त्याचा मूळपुरुष वाशीमच्या शिवारात अजून राबतो आहे : बंडीचा आख. आख फिरत नाही, चाक त्याच्यावर फिरते. आखाने नुसते ओझे पेलायचे. ओढायला बैल आहेत. मोटारीत चाक इंजिनाने फिरवायचे ठरले, तेव्हा आख पोकळ करून त्याच्या पोटातून फिरता दांडा न्यावा लागला. लुई रेनोने 1898 मध्ये आपल्या छोट्या गाडीत साखळीऐवजी दांड्याने मागचा आस चालवला आणि ही रीत रूढ होत गेली.

आसाला चीर का जाते, हे मात्र रेल्वेने शिकवले. तिथे चाके आसावर घट्ट ठोकलेली असतात आणि आस त्यांच्यासह फिरतो. दर फेऱ्याला त्याची एकेक बाजू ताणली जाते, मग दाबली जाते. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस म्यूदोंजवळ मोडला. आगीत पन्नासहून अधिक माणसे गेली. हादऱ्यांनी लोखंडाचा पोत बदलून ते ठिसूळ होते, असा तेव्हा समज होता. विल्यम रँकिन या तरुण इंजिनिअराने मोडलेले आस तपासून दाखवले, की आस जिथे एकाएकी जाडाचा बारीक होतो त्या कोपऱ्यात चीर जन्मते आणि हळूहळू आत सरकते. त्याचा उपाय कोपरा गोलसर करण्याचा होता. पुढे प्रशियाच्या रेल्वेत ऑगुस्ट व्होलरने आस वर्षानुवर्षे फिरवून पाहिले : ज्या ओझ्याने लोखंड एका झटक्यात मोडत नाही, त्याहूनही कमी ओझ्याच्या असंख्य फेऱ्यांनी ते मोडते.

जीप या घराण्यात 1940 मध्ये आली. अमेरिकी लष्कराला पाव टन ओझ्याची हलकी गाडी हवी होती आणि वेळ थोडा होता. म्हणून बँटम कंपनीच्या पहिल्या नमुन्यासाठी स्टुडबेकर चॅम्पियन या प्रवासी मोटारीचे आस फेरफार करून वापरले गेले. मधला गोळा ओतीव, त्यात दोन्हीकडून पोलादी नळ्या दाबून बसवलेल्या. 1949 मध्ये महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला घेतली आणि तिची भावंडे वऱ्हाडात काळी-पिवळी टॅक्सी होऊन धावली. जागा नऊ-दहांची, बसणारे त्याहून बरेच. वाशीमची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरचा रस्ता उचलते, खचवते. एक चाक खड्ड्यात गेले की भार दोन्ही बाजूंवर सारखा राहत नाही.

गाडीचे वजन स्प्रिंगच्या पाट्यांवरून हाउसिंगवर येते आणि चाके टोकांशी त्याला वर रेटतात. म्हणून खालची बाजू ताणली जाते आणि चीर बहुधा तिथूनच निघते : पाट्याच्या गादीच्या वेल्डपाशी, नाहीतर नळी गोळ्यात शिरते तिथे. आधी ऑइल पाझरते.

चीर जाऊ नये म्हणून आसाला द्यायच्या आधाराची कुळीही जुनीच. रेल्वेच्या डब्यांना आणि सुरुवातीच्या मोटारींच्या आसांना खालून सळई ताणून नटाने आवळत, म्हणजे ताण सळईने घ्यावा. ऑफ-रोडवाले आज हाउसिंगवर कैचीचा सांगाडा वेल्ड करतात, तो तिचाच वंशज. वेल्डिंग आल्यावर जाड पट्टी मारणे सोपे झाले आणि रँकिनचा कोपरा मागच्या दाराने परत आला. चौकोनी पट्टी जिथे संपते तिथे जाड लोखंड एकाएकी पातळ होते. पुढची चीर तिथेच जाते. मग लोक वेल्डरला दोष देतात आणि आणखी जाड पट्टी मागतात.

जाणता वेल्डर आधी चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडतो, म्हणजे ती पुढे धावत नाही. चिरेचा शेवट दिसत नसेल तर रॉकेल लावून पुसतो आणि वर खडूची भुकटी लावतो. आत मुरलेले तेल खडूवर रेघ उमटवते. रेल्वेच्या कारखान्यांतही आस असेच तपासत. मग तो चीर घासून भरतो. पट्टीची टोके निमुळती कापतो, वेल्ड नळीच्या लांबीने घेतो, खाली आडवा ओढत नाही. थोडे इकडे, थोडे तिकडे असे गार होऊ देत जातो, नाहीतर नळी वाकते आणि ऑइल सील टिकत नाही. म्हणून पट्टी मारून घेताना जाडी विचारण्याआधी तिची टोके कशी कापली आहेत ते पाहावे.