तळटीप : हलता आलेख आणि गोठणारी खिडकी

‘आलेख सुरू होताच खिडकी गोठते’ : ग्रंथकर्त्यांच्या या विधानाचे कारण असे की, क्यूटीसारख्या खिडक्या रचण्याच्या साधनसंचात कळ दाबणे, माऊस हलवणे आणि पडदा पुन्हा रंगवणे ही सारी कामे एकाच थ्रेडवर क्रमाक्रमाने निकालात निघत असल्यामुळे, उपकरणाकडून येणाऱ्या माहितीची प्रतीक्षा करण्याचे कामही त्याच्याच माथी मारले, तर मागची सर्व कामे तुंबतात आणि ‘थांबवा’ या बटणावरील टिचकीचीदेखील दखल घेतली जात नाही. सबब माहितीची आवक स्वतंत्र थ्रेडकडे सोपवावी, त्याने ती रांगेत जमा करावी, आणि चित्र रंगवण्याचा अखत्यार मात्र मुख्य थ्रेडकडेच राखावा. ही शिस्त मोडल्यास प्रोग्राम अकस्मात कोसळण्याचा संभव असतो. सेकंदास १,००० नमुने आले तरी तितक्या वेळा आलेख काढणे व्यर्थ होय; ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका चित्राच्या वाट्यास सुमारे १६.७ मिलिसेकंदच येतात, म्हणून टायमर लावून दर ३० ते ५० मिलिसेकंदांनी साठलेले नमुने एकदम घ्यावेत. मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या संचात अक्ष व जाळी यांची पार्श्वभूमी जतन करून तीवर केवळ बदलती रेषा रंगवता येते. अक्षांची मर्यादा किंवा खिडकीचा आकार बदलताच ती पार्श्वभूमी नव्याने जतन करणे अवश्य आहे. नमुने पडद्यावरील बिंदूंहून अधिक झाल्यास प्रत्येक उभ्या स्तंभातील किमान व कमाल मूल्य राखावे. सरसकट दर दहावा नमुना उचलल्यास हृदयस्पंदनाच्या आलेखातील तीक्ष्ण शिखरच गळून पडण्याची भीती असते, आणि खिडकी कितीही चपळ असली तरी सत्य झाकणारा आलेख निरुपयोगीच होय. — संपादक