कन्नड, पाच बाइट आणि एक परके अक्षर

मी कन्नडचा, असे परगावी सांगितले की लोक माझ्याशी बंगळूरबद्दल बोलू लागतात. आमचे कन्नड म्हणजे छत्रपती संभाजीनगरहून चाळीसगावला जाताना औट्रम घाटाच्या अलीकडे लागणारे तालुक्याचे गाव. वडिलांनी पितळखोऱ्याच्या लेण्यांवर आणि गौताळ्याच्या जंगलावर टिपणे लिहिली होती. नव्वदच्या दशकात ती दोन ठिकाणी टाइप करून घेतली. हस्तलिखित वाळवीने खाल्ले. उरल्या दोन फाइली, आणि त्यातली एक मी जवळजवळ संपवली.

संगणक अक्षरे साठवत नाही, ० ते २५५ मधले आकडे साठवतो. असा एक आकडा म्हणजे एक बाइट. कोणत्या आकड्याचे कोणते अक्षर, हे तक्ता ठरवतो. आणि तक्ता कोणता, हे साध्या फाइलीत लिहिलेले नसते.

पहिली फाइल इस्कीतली होती. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रमाण केलेला हा तक्ता पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट प्रणालीमुळे वापरात आला. त्यात ‘कन्नड’ म्हणजे १७९, १९८, २३२, १९८, १९१. क, न, हलन्त, न, ड. गंमत अशी की इस्कीने ब्राह्मीतून आलेल्या लिप्यांना एकच आकडे दिले होते. लिपी बदलली की हेच पाच बाइट कन्नड लिपीत उमटत. आमच्या गावाचे नाव तिथे खरोखरच कन्नड होत असे.

दुसरी फाइल कृतिदेव वळणाच्या फाँटमधली. तिथे आकडे रोमन अक्षरांचेच, वर फक्त देवनागरी चित्रे. ‘कन्नड’साठी १००, ८५, ११७, ७७, म्हणजे धाकटा डी, मोठा यू, धाकटा यू, मोठा एम. फाँट काढला की मराठी नाहीशी.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालीच आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतंत्र जागा मिळाली. पुढच्या वर्षी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत यूटीएफ-८ची आखणी केली. त्यात आमचे गाव पंधरा बाइटांचे झाले, प्रत्येक चिन्हाला तीन.

पायथन भाषेची दुसरी पिढी बाइट आणि मजकूर यांची सरमिसळ चालवून घेई. डिसेंबर २००८मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीने दोघांना वेगळे केले: रूपांतर करायचे तर स्पष्ट सांगून करा. मी इस्कीची फाइल यूटीएफ-८ समजून उघडली. पायथनने पहिल्याच बाइटला नकार दिला, कारण १७९ने तिथे अक्षर सुरू होऊच शकत नाही. मी घाईत ‘चुका वगळ’ असे सांगितले आणि निकाल मूळ फाइलीवरच लिहिला. पहिले तीन बाइट गळाले, चौथा-पाचवा योगायोगाने जुळले आणि ‘कन्नड’च्या जागी उरले जुन्या इंग्रजीतले ‘विन’ नावाचे एकच अक्षर. जुन्या सीडीवर प्रत होती म्हणून वाचलो.

दुसरी फाइल मात्र विनातक्रार उघडली. तिचे आकडे यूटीएफ-८लाही मान्य होते, म्हणून यंत्राला चूक दिसलीच नाही. मला दिसला तो रोमन अक्षरांचा कचरा. तेव्हा कळले की नकार देणारी फाइल आपल्याला सावध करते. भीती निमूट होकार देणाऱ्या फाइलीची.

मग रीतसर बसलो. मूळ फाइली बाजूला, काम नकलेवर. इस्कीचा तक्ता पायथनमध्ये तयार मिळत नाही, तो हाताने केला. कृतिदेवला तक्ताही पुरला नाही: तिथे ‘पितळखोरा’तली वेलांटी दिसते तशी ‘प’च्या आधी साठवलेली, युनिकोडमध्ये ती नंतर हवी. तक्त्यात नसलेला बाइट आला की थांबायचे आणि पाहायचे, वगळायचे नाही, एवढाच नियम ठेवला.

शेवटी दोन्ही मजकूर आईला वाचून दाखवले. दोन ठिकाणी तिने थांबवले. तिथे तक्ता माझाच चुकला होता.