पदवीचा रकाना आणि संशोधकाची ओळख

भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेसारख्या संस्थेकडे अनुदान मागायचं तर प्रकल्पाच्या आराखड्याबरोबर स्वतःचा परिचयही द्यावा लागतो. बेळगाव-निपाणी भागातले आपण बरेच जण नोकरीधंदा सांभाळून मोडी शिकलेलो. मी स्थापत्य अभियंता. शिक्षणाच्या रकान्यात तेवढं लिहिलं की पुढे काय लिहावं, हा प्रश्न येतोच.

अशा वेळी वा. सी. बेंद्रे (१८९४-१९८६) आठवावेत. पदवी नव्हती, पोटासाठी नोकरी होती. पण १९२८ साली त्यांचं ‘साधन-चिकित्सा’ छापलं गेलं. कागदाची पारख कशी करावी, हे सांगणारं पुस्तक. दहा वर्षांनी, १९३८ मध्ये, मुंबई सरकारने त्यांना संशोधनासाठी इंग्लंडला पाठवलं. पदवीची उणीव कामाने भरून काढली होती. संभाजी महाराजांचं त्यांचं चरित्र १९६० साली आलं.

आपल्या जवळचं उदाहरण फ्लीट यांचं. मुंबई इलाख्यातले मुलकी अधिकारी, पण हलशीचे कदंब ताम्रपट त्यांनी वाचून छापले. आज त्यांचं नाव निघतं ते त्या वाचनामुळे.

म्हणून परिचयात आधी काम लिहावं. किती कागद वाचले, कुठले, त्यातले छापले किती. ‘इतिहासाची आवड’ हे शब्द गाळावेत. आवड कुणालाही असते. लिप्या आणि भाषा पातळीसह लिहाव्यात: मोडी स्वतः वाचतो, हळेगन्नडला मदत लागते, असं स्पष्ट. सीमाभागात याला फार किंमत आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे इथला इतिहास शोधणाऱ्याला मुंबई, पुणे, कोल्हापूर, बंगळूर अशी चारी दप्तरं आणि मराठी, कन्नड दोन्ही लागतात. दोन्ही येत असतील तर ती पहिल्या चार ओळींत यावीत.

आणि अभियंत्यांनो, मोजणी-नकाशे लपवू नका. राजहंसगडाच्या तटाचं मोजमाप घेता येणं हीसुद्धा संशोधकाची पात्रताच.

परिचय हाही एक ऐतिहासिक कागदच. दुसऱ्याच्या बखरीला जो पुरावा मागतो, तोच स्वतःच्या प्रत्येक ओळीला मागावा. वाड्यांच्या माळ्यावर रुमाल कसरीने पोखरले जाताहेत. अनुदान मिळालं तर त्यांच्या प्रती तरी निघतील.