चिकपेट : बालवाचक सेवा

चिकपेट (कन्नड चिक्कपेटे, म्हणजे लहान पेठ) ही बेंगळुरूच्या सर्वांत जुन्या पेठांपैकी एक. केंपेगौडा यांनी १५३७ च्या सुमारास वसवलेल्या नगरात धंद्याप्रमाणे पेठा पडल्या. बळेपेट, अक्कीपेट, कॉटनपेट, नगरथपेट, सुलतानपेट ही नावे अजून चालू आहेत. दोड्डपेटे म्हणजे थोरली पेठ, आजचा अव्हेन्यू रोड. चिकपेटेत आज मुख्यतः रेशमी साड्या व कापडाचा व्यापार चालतो. २०१७ पासून मेट्रोचे भुयारी स्थानक पेठेखाली आहे. या नोंदीत पेठेतील मुलांसाठी व कुमारवयीनांसाठी सार्वजनिक ग्रंथालयाची सेवा कशी आखावी आणि तिला आधार कोणता, एवढेच पाहिले आहे.

पैशाचा आधार कायद्यातच आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा देशातला पहिला मोठा कायदा मद्रास प्रांतात १९४८ साली झाला. त्यामागे शि. रा. रंगनाथन यांची खटपट होती. पुढे रंगनाथन बेंगळुरूला स्थायिक झाले, १९६२ मध्ये त्यांनी येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले आणि १९७२ साली याच शहरात त्यांचा अंत झाला. कर्नाटकाचा (तेव्हाच्या म्हैसूर राज्याचा) सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६५ चा आहे. त्यातला उपकर आज मालमत्ता करावर शेकडा ६ या दराने घेतला जातो. साडीच्या दुकानाचे वा वरच्या मजल्यावरच्या खोलीचे करबिल पाहिले, तर आरोग्य उपकर आणि भिक्षुक निवारण उपकर यांच्या शेजारी ग्रंथालय उपकराची रक्कम दिसते. पालिकेने गोळा केलेली ही रक्कम ग्रंथालय खात्याकडे पूर्ण व वेळेवर पोहोचत नाही, ही तक्रार जुनी आहे. पेठेपुरता मुद्दा सरळ आहे. इथला दुकानदार ग्रंथालयाचे पैसे दरवर्षी भरतो, तेव्हा मुलांसाठी खोली मागणे म्हणजे देणगी मागणे नव्हे. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात असा उपकर नाही. तिथली बहुसंख्य ग्रंथालये संस्थांची असून शासकीय अनुदान व वाचकांची वर्गणी यांवर चालतात, म्हणून मुलांच्या कार्यक्रमाच्या खर्चाचा विषय निघाला की कार्यकारिणी आधी शिल्लक बघते. त्या मानाने चिकपेटेची बाजू भक्कम आहे.

मुलांना ग्रंथालयात हक्काची जागा देण्याची कल्पना मराठी माणसांना नवी नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून मोफत ग्रंथालयांचे जाळे विणले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग काढला आणि तिथे पुस्तकांबरोबर चित्रे व खेळही ठेवले. गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. या चळवळीचा तपशीलवार वृत्तांत लिहिला तो जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी. त्या पेट्यांची आठवण चिकपेटेत मुद्दाम ठेवावी, कारण इथे मोकळी जागा मिळणे हीच पहिली अडचण आहे.

पेठेतली मुले कोण, हे ठरवल्याशिवाय आखणी सुरू करू नये. गल्लीवर नाव मिरवणाऱ्या कित्येक दुकानांचे मालक राहायला केव्हाच जयनगर, बसवनगुडीकडे गेले. मागे उरली ती शिंप्यांची, भरतकाम व फॉल-पिको करणाऱ्यांची, हमालांची आणि मालकाच्या गोदामावर राहणाऱ्या राखणदाराची मुले. शाळा सुटली की दुकानाच्या मागच्या बाजूला साड्यांच्या गठ्ठ्याला पाठ टेकून मुलगी गृहपाठ करते. गिऱ्हाईक वाढले की तिला उठून चहा सांगायला जावे लागते, वही गठ्ठ्यावरच राहते. २०१६ च्या बालकामगार दुरुस्ती कायद्याने १४ वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास बंदी आहे, मात्र शाळेच्या वेळेबाहेर घरच्या धंद्यात हातभार लावण्यास मुभा आहे. या मुभेतल्या मुलाजवळ मोकळे तास फार थोडे उरतात. ग्रंथालयाची वेळ त्या तासांना जुळवावी लागेल. सकाळी दहाला उघडून संध्याकाळी लवकर बंद होणारा बालविभाग पेठेच्या उपयोगाचा नाही.

भाषेचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा, आणि आनंदाचाही. एकाच वाड्यात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मारवाडी, गुजराती आणि मराठी ऐकू येते. मराठीचा संबंध जुना आहे. १६३८ मध्ये बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि जवळपास पन्नास वर्षे भोसल्यांकडे राहिले. रंगकाम व शिवणकाम करणाऱ्या भावसार आणि नामदेव शिंपी घरांची वस्ती पेठांच्या परिसरात पूर्वापार आहे. या घरांतली मराठी कन्नडात मिसळलेली असते. मुले ती बोलतात, पण शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकतात. मराठी वाचायची वेळ आलीच तर शाळेतल्या हिंदीने दिलेली देवनागरी कामी येते. अक्षर ओळखीचे, शब्द घरचे. मधले अंतर एका पावलाचे आहे, आणि ते पाऊल टाकायला मुलाच्या शेजारी बसून वाचणारे कोणी तरी हवे. पुण्याच्या छापील मराठीवर अडून बसले, तर हे मूल पुस्तक मिटून ठेवेल. आजीच्या बोलीतली गोष्ट आधी ऐकवावी, छापील गोष्ट मागून द्यावी.

यासाठी साहित्य जवळच आहे. २००४ साली स्थापन झालेली ‘प्रथम बुक्स’ ही संस्था बेंगळुरूचीच. तिची चित्रपुस्तके कन्नड, मराठी, उर्दू, तमिळ अशा अनेक भाषांत निघतात आणि २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’ या मुक्त संग्रहातून ती कोणालाही घेता येतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालेची पुस्तकेही अनेक भाषांत निघतात. एकच चित्र, एकच गोष्ट, चार लिप्या. चौघे जण एका चटईवर बसून आपापल्या प्रतीतले पान एकाच वेळी उलटू शकतात. ही कल्पनाही जुनीच आहे. १९४७ मध्ये तेलुगू व तमिळमध्ये सुरू झालेले ‘चंदामामा’ १९५२ पासून मराठीत ‘चांदोबा’ म्हणून येऊ लागले आणि दक्षिणेतल्या मुलांची विक्रम-वेताळाची गोष्ट महाराष्ट्रातल्या घरांतही पोहोचली.

जागेबाबत सध्याचा आधार म्हणजे कब्बन पार्क. तिथल्या शेषाद्री अय्यर स्मारक सभागृहाच्या लाल इमारतीत (१९१५) राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. उद्यानातच मुलांचे इंदिरा प्रियदर्शिनी ग्रंथालय आणि जवाहर बालभवन आहे. नकाशावर हे सारे पेठेपासून हाकेच्या अंतरावर वाटते. पण आठ वर्षांच्या मुलाला अव्हेन्यू रोडची हातगाड्यांची आणि टेम्पोंची गर्दी, पुढे हमरस्ते ओलांडून एकट्याने तिथे जाता येत नाही, आणि सोबत जायला दुकानातून कोणी सुटत नाही. म्हणून पेठेतच, तळमजल्यावर, एक खोली लागेल. ती मिळेपर्यंत पुस्तकांची फिरती पेटी देवळाच्या ओवरीत, शाळेच्या व्हरांड्यात ठेवता येते. बहुतेक घाऊक दुकाने रविवारी बंद असतात. एरवी पाऊल ठेवायला जागा नसलेल्या गल्लीत त्या दिवशी ओढलेल्या शटरांसमोर सतरंजी पसरून कथाकथन करता येईल. असा रस्ता या मुलांना आठवड्यातून एकदाच मिळतो.

तेरा ते अठरा वयोगटाकडे सगळीकडेच दुर्लक्ष होते. बालविभागात त्यांना लाज वाटते आणि मोठ्यांच्या वाचनकक्षातली बाके स्पर्धा परीक्षेचे उमेदवार सकाळीच अडवून बसतात. या वयाच्या मुलांनी आपली सोय अव्हेन्यू रोडच्या पदपथावर केली आहे. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांपुढे वडील गाइडाच्या किमतीवरून घासाघीस करतात, तोवर मुलगा उकिडवा बसून दुसरेच काही तरी वाचून काढतो. पुस्तक निवडण्याची समिती करायची तर तिच्यात अशी दोन मुले व दोन मुली घ्याव्यात. मुलींसाठी आणखी दोन गोष्टी अटीतच लिहिल्या पाहिजेत: चालू स्थितीतले स्वच्छतागृह आणि संध्याकाळी दारात दिवा. या दोन्ही नसल्या, तर बाराव्या वर्षानंतर मुली यायच्या थांबतात आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

सदस्यत्व मोफत असावे. कर्नाटकात ग्रामपंचायत ग्रंथालयांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘ओदुव बेळकु’ (वाचनाचा उजेड) या मोहिमेत ६ ते १८ वयाच्या मुलांची विनाशुल्क नोंदणी झाली. खेड्याला जमले ते पेठेलाही जमेल. पत्त्याचा पुरावा मागू नये, कारण गोदामात राहणाऱ्या कुटुंबाजवळ तो क्वचितच असतो. शिक्षकाची किंवा शेजारच्या दुकानदाराची सही पुरे. अनामत रक्कम नको, कपाटे कुलपात नकोत, मुक्तद्वार पद्धत हवी. पुस्तके फाटतील, काही हरवतील. त्यांची तरतूद वार्षिक अंदाजपत्रकात आधीच करावी, म्हणजे ग्रंथपालाला वसुलीच्या भीतीने कपाट बंद ठेवावे लागणार नाही.

१४ ते २० नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह बालदिनापासूनच सुरू होतो. त्या आठवड्यात चित्रकला स्पर्धा घेऊन अहवालात उपस्थितीचा आकडा लिहिण्याची प्रथा आहे. सेवा रुजली की नाही, हे कळते देवघेवीच्या वहीवरून. एका नावापुढे दुसऱ्या पुस्तकाची तारीख पडली का, आणि ते पुस्तक पहिल्यापेक्षा वेगळ्या भाषेतले होते का, हे दोन रकाने दर महिन्याला तपासावेत.