शहराची प्रकृती पाहणारा जीवशास्त्रज्ञ

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. रोग कशामुळे पसरतो हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या आणि कोंदट हवा हेच रोगाचे मूळ, असे समजून १८९८ मध्ये सरकारने शहर सुधारणेसाठी खास मंडळ नेमले. दाट वस्त्या पाडायच्या आणि त्यांतून रुंद, सरळ रस्ते काढायचे, हा त्याच्या कामाचा मोठा भाग होता. पण घर पाडले म्हणून माणूस नाहीसा होत नाही. तो शेजारच्या वस्तीत जागा शोधतो आणि तिथली गर्दी वाढते. गंमत अशी, की त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो असे दाखवले होते. ते सर्वमान्य व्हायला पुढे काही वर्षे लागली.

‘आधी पाडा, मग सुधारा’ या रीतीवर पुढे ज्याने कडाडून टीका केली, तो स्थापत्यविशारद नव्हता, अभियंताही नव्हता. तो वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याचे नाव पॅट्रिक गेडीस.

गेडीस यांचा जन्म १८५४ चा, स्कॉटलंडमधला. लंडनला थॉमस हक्सली यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. पुढे ती परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणे शक्य राहिले नाही. मग त्यांनी आपले लक्ष एका मोठ्या सजीवाकडे वळवले. तो सजीव म्हणजे शहर! १८८६ मध्ये लग्न झाल्यावर पत्नी ॲना यांच्यासह ते एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तीत राहायला गेले आणि तिथली घरे दुरुस्त करू लागले.

१९१४ मध्ये ते भारतात आले. त्यांचे नगररचना प्रदर्शन ज्या बोटीतून येत होते, ती ‘क्लॅन ग्रँट’ बोट एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवली. आयुष्यभर जमवलेले नकाशे आणि चित्रे समुद्रात गेली. मित्रांनी घाईने नवे साहित्य पाठवले आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरले.

त्यानंतर गेडीस गावोगाव पायी हिंडू लागले. त्यांचा नियम साधा होता: आधी निदान, मग उपचार. वैद्य रोग्याला तपासल्याशिवाय शस्त्र हाती घेत नाही. मग नगररचनाकाराने कचेरीत बसून नकाशावर पट्टीने रेघा का माराव्यात? गल्लीगल्लीत फिरले की पडकी घरे आणि ओसाड जागा दिसतात. तेवढ्याच मोकळ्या केल्या, तिथे झाड लावले, जवळची विहीर दुरुस्त केली, तर उजेड आणि वारा खेळू लागतो आणि फार थोड्यांना घर सोडावे लागते. या पद्धतीला त्यांनी ‘राखून केलेली शस्त्रक्रिया’ अशा अर्थाचे नाव दिले. तंजावरसाठी त्यांनी असाच पर्याय सुचवला. सरळ रस्त्यांच्या आराखड्यापेक्षा त्याचा खर्चही कितीतरी कमी होता.

तळ्यांचेही तसेच. हिवतापाच्या भीतीने गावोगावची तळी बुजवण्याची टूम तेव्हा निघाली होती. गेडीस यांनी तिला विरोध केला. तळे हवा थंड ठेवते, पावसाचे पाणी सामावून घेते आणि विहिरींना पाणी पुरवते. डासांची भीती असेल तर तळ्यात मासे आणि बदके सोडा. अळ्या तेच खातील. इथे त्यांच्यातला जीवशास्त्रज्ञ बोलत होता.

१९१७ साली ते इंदूरला होते. त्याच वर्षी युद्धात थोरला मुलगा गेला आणि भारतातच पत्नीचे निधन झाले. तरी काम थांबले नाही. नकाशे घेऊन फिरणाऱ्या या साहेबाची लोकांना धास्ती वाटे. तेव्हा त्यांनी दिवाळीचा उपयोग करून घेतला. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत स्वच्छ असतील, तिथून मिरवणूक जाईल अशी दवंडी पिटली. घराघरातला साठलेला कचरा फुकट उचलला गेला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर होता. सफाई कामगार पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, फुलांनी सजून मानाने चालले. घरोघरी लावायला तुळशीची रोपे वाटली गेली.

त्यानंतर प्लेग ओसरला. याचे सगळे श्रेय मिरवणुकीला देणे मात्र बरोबर नाही. ऋतू बदलला की प्लेग आपोआपही ओसरतो आणि ज्याच्याशी तुलना करावी असे दुसरे इंदूर नव्हते. तरीही घरातली अडगळ हलली की उंदरांचा आसरा जातो, हे खरेच. शिवाय बळजबरीने जे साधत नव्हते, ते लोकांनी आपणहून केले. १९१८ मध्ये गेडीस यांचा इंदूरवरील अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्या मिरवणुकीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०१७ मध्ये, देशातील स्वच्छ शहरांच्या सर्वेक्षणात इंदूर पहिले आले. या दोन घटनांचा थेट संबंध जोडता येणार नाही. पण दोन्ही वेळा नागरिकांचा सहभाग होता, हे लक्षात ठेवावे.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू केला. त्याचे पहिले प्राध्यापक गेडीसच. मालवणला जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्याच शिफारशीने इंग्लंडला शिकायला गेले आणि १९२४ मध्ये विभागप्रमुख झाले. गेडीस १९३२ मध्ये फ्रान्समध्ये वारले.

शिक्षकांना त्यांच्याकडून एक गोष्ट आजही घेता येईल. एका रविवारी मुलांना घेऊन आपल्याच गावातून पायी फिरा. बुजत चाललेली विहीर, उतारावर अडवलेला ओढा, सावली देणारी झाडे, वारा न पोचणारी गल्ली, कोण कुठे राहतो आणि पाणी कुठून आणतो, हे सारे नकाशावर मांडा. उद्या गावात रुंदीकरणाची योजना आली, तर कोणते घर, कोणते झाड वाचवता येईल हे सांगायला तो नकाशा उपयोगी पडेल.